मुलाच्या हातात ग्लास देणारा प्रौढ कायद्याला का सापडत नाही

अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ मध्ये ही तरतूद आहे. त्यात विक्रीची अट नाही. फुकट दिली तरी गुन्हा, दुसऱ्याकरवी द्यायला लावली तरी गुन्हा. मूल नशेत सापडलंच पाहिजे असंही नाही. आईवडील, काका, मामा यांना सूट नाही आणि घराच्या चार भिंतींनाही नाही. अपवाद एकच, पात्र डॉक्टरने औषध म्हणून सांगितलं असेल तर. सर्दी झाली की तान्ह्या बाळाला चमचाभर ब्रँडी चाटवायची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत होती, काही घरांत अजून आहे. कायद्याच्या अक्षरानुसार तीही या कलमात बसते.

पुढचं कलम ७८ मुलांना दारू किंवा अमली पदार्थ विकायला, वाहून न्यायला, पोचवायला वापरणाऱ्यांसाठी आहे आणि शिक्षा तेवढीच. भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ त्याहून कडक आहे. गुन्हा करवून घेण्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं, शिवाय मुलाने तो गुन्हा केला असेल तर त्याची शिक्षा वेगळी, जणू त्या प्रौढानेच तो केला.

तेव्हा शिक्षा कमी आहे म्हणून हे सगळं चालतं, असं म्हणता येत नाही. तरीही एखादं प्रकरण गाजलं की मागणी होते ती कायदा कडक करण्याचीच. सातची दहा वर्षं केली तरी काही फरक पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. गरज तीन गोष्टींची आहे. कलम ७७ पुन्हा दखलपात्र करावं लागेल, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट न पाहता पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करता येईल. वय तपासल्याचं दाखवून देण्याची जबाबदारी परवानाधारकावर आणि जागा देणाऱ्यावर टाकावी लागेल. आणि पहिल्या चोवीस तासांत पुरावा गोळा करण्याची शिस्त पोलीस ठाण्यात बसवावी लागेल.

पहिली गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे. २०२१ साली संसदेने बाल न्याय कायद्यात दुरुस्ती केली आणि ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. त्याआधी तीन ते सात वर्षं शिक्षेचे या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र होते. दुरुस्तीने कलम ८६ बदललं आणि हे गुन्हे अदखलपात्र झाले. अजामीनपात्र मात्र राहिले. परिणाम असा की पोलिसांसमोर एखाद्याने पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात पेग दिला, तरी केवळ या कलमाखाली त्यांना एफआयआर नोंदवता येत नाही, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे नोंदवहीत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहायची आणि तक्रारदाराला न्यायालयाकडे पाठवायचं, एवढंच हातात उरतं. दिल्लीच्या बालहक्क संरक्षण आयोगाने या बदलाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते योग्यच होतं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम ५६ सांगतो की मूल नशेत किंवा नशेच्या पदार्थासह सापडलं तर ते त्याच्यापर्यंत कसं पोचलं याची चौकशी करा आणि तत्काळ गुन्हा नोंदवा. कायद्याच्या कलमाने मात्र पोलिसांच्या हातून तेच काढून घेतलं आहे.

यातून वाट आहे, पण ती अरुंद आहे. त्याच कलम १७४ मध्ये असंही आहे की एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यांतला एक जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणून बार किंवा वाइन शॉपमधून विक्री झाली असेल, तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ६५ लावून ७७ त्याला जोडता येतं, कारण परवान्याच्या अटी मोडून केलेली विक्रीही त्या कलमात येते. अमली पदार्थ असेल तर प्रश्नच नाही, एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा कलम ३७ नुसार दखलपात्र आहे. अडचण उरते ती तिसऱ्या प्रकारात, जिथे विक्रीच नाही. लोणावळ्याच्या भाड्याच्या बंगल्यातला वाढदिवस, हळदीची रात्र, गटारी, एकतीस डिसेंबरची गच्ची, विसर्जन मिरवणुकीनंतरची मंडळाची बैठक. बाटली कायदेशीर दुकानातून, पंचवीस वर्षांवरच्या माणसाने, बिल देऊन घेतलेली. ग्लास भरून देणारा मोठा चुलतभाऊ. इथे बहुतेक वेळा हाती एकटं कलम ७७ उरतं आणि ते अदखलपात्र आहे. मुलांना पहिली दारू बहुधा अशाच ठिकाणी मिळते. नेमकी तीच जागा दुरुस्तीने मोकळी सोडली.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चर्चा झाली ती जामीन देताना मुलाला लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाची आणि बदललेल्या रक्ताच्या नमुन्याच्या आरोपाची. मुलाचे वडील आणि त्या रात्री दारू देणाऱ्या दोन बारचे चालक-व्यवस्थापक यांच्यावर बाल न्याय कायद्याची ७५ (मुलाशी क्रूरता) आणि ७७ ही कलमं लावली गेली, याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. वास्तविक हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा होता. मुलाला दारू देणाऱ्यांची साखळी न्यायालयात उभी राहू शकते हे त्यातून दिसलं. ही कलमं लागण्यासाठी दोन माणसांचा जीव जावा लागला, हेही दिसलं.

आता पुरावा. हे खटले हरले जातात ते इथेच. कलम ७७ सिद्ध करायला तीन गोष्टी लागतात: मुलाचं वय, पदार्थ कोणता होता, आणि तो कुणी दिला.

वय सोपं वाटतं, पण अनेक फायलींत आधार कार्डाची झेरॉक्स लावून मोकळं होतात. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरवून दिला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक गृहीतच असतो. सतरा-अठराच्या उंबरठ्यावरच्या मुलाच्या प्रकरणात तेवढा फरक आरोपी सुटायला पुरतो. शाळेचा दाखला पहिल्याच दिवशी मागवला तर हा प्रश्न येत नाही.

पदार्थाच्या बाबतीत घड्याळ विरोधात चालतं. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. साठ किलो वजनाच्या मुलाने असे चार पेग घेतले, तर १०० मिली रक्तात ढोबळमानाने १०० मिलीग्रॅम अल्कोहोल होतं. शरीर ते ताशी सरासरी १५ मिलीग्रॅमच्या वेगाने संपवतं, म्हणजे सात तासांत पाटी कोरी. कल्याणीनगरचा अपघात पहाटे अडीचच्या सुमारास झाला आणि ससून रुग्णालयात मुलाचं रक्त घेतलं गेलं सकाळी अकराच्या सुमारास. नमुना बदललाच नसता, तरी त्यात किती उरलं असतं याचा हिशेब कुणीही करावा. म्हणून मूल नशेत सापडलं की आधी वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं नंतर. रक्त शिरेतूनच घ्यावं. सुई टोचायची जागा स्पिरिटने पुसू नये, नाही तर बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत ते भरावं, कारण साध्या बाटलीत रक्त आंबून त्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतं किंवा असलेलं कमी होऊ शकतं. बाटली बुच लावून, लाख-मोहोर करून, लेबलवर वेळ लिहून घ्यावी. दारूबंदी कायद्याचं कलम १२९-अ आणि १९५९ चे वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणीचे नियम यासाठीच आहेत. रक्ताची वेळ निघून गेली असेल तर लघवीचा नमुना तरी घ्यावा. दारूचं एथिल ग्लुकुरोनाइड हे अवशेष लघवीत एक ते तीन दिवस सापडू शकतं.

शिवाय रक्तात अल्कोहोल सापडणं ही ७७ ची अट नाही, हे विसरलं जातं. दिल्याचं सिद्ध झालं की पुरे. यासाठी बिल, किचनला गेलेली ऑर्डरची चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि सीसीटीव्ही हे चार पुरावे एकमेकांना धरून बोलतात. बिलावर नाव पैसे देणाऱ्याचं असतं, पिणाऱ्याचं नाही. कुणासमोर ग्लास ठेवला गेला हे फक्त कॅमेरा सांगतो. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र, साधारण पंधरा ते तीस दिवसांत जुनं चित्रण पुसून त्यावर नवं लिहितो. काही ठिकाणी त्याहून लवकर. तेव्हा डीव्हीआर त्याच दिवशी पंचनाम्याने जप्त व्हायला हवा आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र, दोन्ही भाग भरून, हॅश मूल्यासह (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) जोडलेलं हवं. हे प्रमाणपत्र नसलं तर चित्रण कितीही स्वच्छ असो, न्यायालयात त्याच्यावरच वाद सुरू होतो आणि मूळ मुद्दा मागे पडतो.

मुलाचा जबाब हा चौथा भाग, आणि तो मिळवायचा असेल तर मुलाला आरोपीसारखं वागवून चालणार नाही. घाबरलेलं मूल देणाऱ्याचं नाव सांगत नाही. घरचा माणूस असेल तर कधीच नाही. आदर्श नियमांप्रमाणे किरकोळ प्रकरणात मुलावर एफआयआर नोंदवायचाच नसतो, ठाणे दैनंदिनीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाला द्यायचा असतो. तो साक्षीदार आहे हे त्याला आणि त्याच्या आईला पहिल्या तासात नीट समजावून सांगितलं, बालकल्याण पोलीस अधिकारी साध्या वेशात असला आणि शक्य तितक्या लवकर दंडाधिकाऱ्यासमोर जबाब झाला, तर नाव मिळतं आणि पुढे टिकतं.

अमली पदार्थांच्या बाबतीत एक विसंगती मुद्दाम दाखवायला हवी. मेफेड्रोन, म्हणजे रस्त्यावरचं एमडी, दोन ग्रॅमपर्यंत असलं तर एनडीपीएस कायद्यात ते अल्प प्रमाण ठरतं. शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गांजाची अल्प प्रमाणाची मर्यादा एक किलो आहे. शाळा-कॉलेजातल्या मुलांना मिळतं ते अर्धा-एक ग्रॅमच्या पुडीतच, म्हणून त्यांना विकणारा अनेकदा अल्प प्रमाणातच सापडतो आणि लवकर सुटतो. त्याच एफआयआरमध्ये बाल न्याय कायद्याचं कलम ७७ जोडलं, तर शिक्षेची कमाल मर्यादा एकावरून सात वर्षांवर जाते. एनडीपीएसच्या कलम ३२-ब नुसार मुलं बळी पडली आहेत किंवा गुन्हा शाळेच्या परिसरात झाला आहे ही बाब शिक्षा वाढवताना न्यायालय विचारात घेऊ शकतं. मात्र ३२-ब हे किमान शिक्षा ठरलेल्या गुन्ह्यांसाठी आहे, अल्प प्रमाणाला ते उपयोगी नाही. तिथे ७७ च हवं. जागा जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकाला कलम २५ आहे. फ्लॅट किंवा फार्महाऊस भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावं.

तंबाखूचं तर विचारूच नका. सिगारेट आणि तंबाखू उत्पादनांच्या २००३ च्या कायद्यात अल्पवयीनाला विक्री आणि शाळेपासून शंभर यार्डांतली विक्री, दोन्हींना दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत. बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देण्याला सात वर्षांपर्यंत. यंत्रणा दोनशेची पावती फाडते, कारण ती जागेवर फाटते. टपरीवाल्याच्या हिशेबात तो एका दिवसाचा खर्च ठरतो. प्रत्येक टपरीवाल्याला तुरुंगात टाकावं असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्यांदा तोच सापडला तर ७७ खाली तक्रार गेलीच पाहिजे.

मुळात परवानाधारकाला वय विचारायची सवयच नाही, आणि त्याला महाराष्ट्राचा नियम काही अंशी जबाबदार आहे. बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी मद्यासाठी २५ अशी आपली वयोमर्यादा आहे. त्यावर पिण्याचा परवाना लागतो, तो एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो आणि बहुतेक दुकानांत कुणाच्या तरी नावाने फाडून ठेवलेला असतो. २५ ची मर्यादा कुणी पाळत नाही. बावीस वर्षांच्या नोकरदाराला व्हिस्की नाकारणारा बार शोधून सापडत नाही. जो नियम रोज शंभरदा मोडायचा, त्याची तपासणीही मग नावापुरतीच होते, आणि त्याच गर्दीत सतरा वर्षांचा मुलगा सहज मिसळून जातो. सर्व मद्यांसाठी एकच २१ ची मर्यादा ठेवून ती खरोखर राबवावी, हे मला अधिक प्रामाणिक वाटतं. व्यसनमुक्तीसाठी काम करणाऱ्या अनेकांना हे पटणार नाही, त्यांची कळकळही मला मान्य आहे. पण कागदावरच्या २५ ने सतराच्या मुलाला वाचवलेलं नाही.

वय तपासण्याचा भार कसा टाकावा, याचा नमुना आपल्याच कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो आणि गाडी त्याच्या संमतीनेच नेली असं न्यायालय गृहीत धरतं. माहिती नव्हती किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, बारा महिन्यांसाठी नोंदणी रद्द. परमिट रूमच्या चालकालाही हेच तत्त्व लावावं. जागेत अल्पवयीनासमोर मद्य आढळलं, तर ते चालकाच्या संमतीने दिलं असं धरावं. ओळखपत्र पाहिल्याची नोंद, दारावरचा कॅमेरा, कर्मचाऱ्याला दिलेली लेखी सूचना दाखवली तर तो सुटेल. जिल्हाधिकाऱ्याकडे दारूबंदी कायद्याच्या कलम ५४ खाली परवाना निलंबित करण्याचा अधिकार आहेच. तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवण्याची सोय मात्र अल्पवयीनाच्या बाबतीत बंद व्हावी, आणि निलंबनाचे आदेश राज्य उत्पादन शुल्क विभागाने कारणांसह जाहीर करावेत. बारमालक तुरुंगाला घाबरत नाही, खटला दहा वर्षं चालेल हे त्याला माहीत असतं. शनिवार-रविवारी कुलूप लागण्याला तो घाबरतो.

दखलपात्र करा म्हटलं की एक गंभीर आक्षेप येतो: पोलिसांच्या हाती आणखी एक धमकीचं हत्यार जाईल. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीच्या पाड्यांवर देवाला मोहाची धार सोडताना मुलाच्याही ओठाला थेंब लागतो. तिथल्या आजोबांना ठाण्यात बसवून पैसे उकळले जाऊ शकतात. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. म्हणून सरसकट नव्हे, तर विक्री, पैसे घेऊन दिलेली जागा, अनोळखी मुलाला दिलेला पदार्थ आणि इजा किंवा मृत्यू झालेली प्रकरणं एवढ्यांपुरतंच ७७ दखलपात्र करावं. घरगुती प्रकरणं बालकल्याण समितीकडे जावीत, तिने लेखी निर्देश दिल्यावरच पोलिसांनी पुढे जावं. समितीत सामाजिक काम केलेली माणसं असतात. ओठावरचा थेंब आणि रोजचा पेग यांतला फरक त्यांना ठाणेदारापेक्षा जास्त कळतो.

कायदा बदलेपर्यंत तक्रार करणाऱ्याने काय करावं? मुलाचा जीव धोक्यात असेल तर ११२, मुलाच्या मदतीसाठी १०९८, अमली पदार्थांच्या माहितीसाठी १९३३. तक्रार लेखी द्या आणि एकाच वेळी पोलीस ठाणे, जिल्ह्याची बालकल्याण समिती आणि राज्य उत्पादन शुल्कचे अधीक्षक अशा तिघांना द्या, पोच घ्या. तारीख, वेळ, जागेचं नेमकं नाव, परवान्याचा क्रमांक दिसत असेल तर तो, देणाऱ्याचं वर्णन, पैसे कसे दिले हे लिहा. मुलाचं नाव समाजमाध्यमांवर टाकू नका, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार तो स्वतंत्र गुन्हा आहे. ठाण्यात 'हे अदखलपात्र आहे' असं उत्तर मिळालं, तर सोबत कोणतं दखलपात्र कलम लागतं ते अर्जातच नमूद करा आणि एनसीची प्रत मागा. त्या प्रतीच्या आधारे दंडाधिकाऱ्याकडे कलम १७४ खाली तपासाच्या आदेशाचा अर्ज करता येतो. सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याची लेखी नोटीस त्या आस्थापनेला त्याच दिवशी पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. नंतर चित्रण पुसलं गेलं, तर नोटीस मिळूनही ते का जपलं नाही याचं उत्तर आस्थापनेला न्यायालयात द्यावं लागतं.